मेन रोडवरचा संगणक : सिस्टिम पॅकेज की फ्लॅटपॅक?

(दृश्य : मेन रोड, सकाळ. दुकानाचं शटर वर जातं. टेबलावर पत्रिकांचे नमुने, शेजारी जुना डेस्कटॉप.)

निवेदन :
नाशिकचा मेन रोड. लग्नसराई तोंडावर आली की पत्रिका छापणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. या दुकानातला संगणक जुना, पण धडधाकट. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले, आणि विंडोज ११ या प्रोसेसरला स्वीकारत नाही. चालतं यंत्र भंगारात कशाला घालायचं? मालकांनी त्यावर लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली.

फोटोंच्या कामासाठी गिम्प हे ॲप हवं होतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधलं, तर पर्याय दोन : सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. पहिल्यात गिम्प २.१०, दुसऱ्यात गिम्प ३. ॲप एकच, मग दोन वाटा कशासाठी?

(दृश्य : पडद्यावर दोन्ही पर्याय, माउसचा बाण त्यांच्यामध्ये घुटमळतो.)

निवेदन :
सिस्टिम पॅकेज ही लिनक्सची जुनी, मुरलेली पद्धत. इयान मर्डॉक यांनी १९९३मध्ये डेबियन नावाचं लिनक्सचं एक रूप सुरू केलं. उबंटू त्यातूनच आलं आणि मिंट २२ उबंटूवर उभं आहे. इथे सॉफ्टवेअर डेब पॅकेज म्हणून येतं. चित्र उघडणं, अक्षरं रेखाटणं, नेटवर सुरक्षितपणे बोलणं, यासाठी लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, सिस्टिममध्ये एकदाच बसवलेल्या असतात आणि सगळी ॲप त्याच वापरतात. साहजिकच सगळ्यांनी एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं. म्हणून उबंटू २४.०४ एप्रिल २०२४मध्ये आलं, तेव्हा प्रत्येक ॲपची आवृत्ती ठरवून टाकली गेली. गिम्प ३ आलं मार्च २०२५मध्ये. तोवर ते दार बंद झालेलं होतं.

फ्लॅटपॅक हे कंटेनरमधलं ॲप. एकेकाळी याचं नाव एक्सडीजी-ॲप होतं, २०१६मध्ये फ्लॅटपॅक झालं. कंटेनर म्हणजे संगणकात दुसरा संगणक नव्हे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तोच राहतो. ॲपला मात्र स्वतःचं वेगळं फाइलविश्व दिसतं. लायब्ररींचा मोठा संच, ज्याला रनटाइम म्हणतात, तोही फ्लॅटपॅकच आणतो. पंचवटीत अन्नछत्रात जेवावं की घरून शिदोरी आणावी, तसा हा फरक आहे.

शिदोरीला वजन असतं. पहिलं फ्लॅटपॅक घेताना रनटाइमसकट काहीशे एमबी उतरतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या दुकानाला ते जाणवतं. तोच रनटाइम वापरणारं पुढचं ॲप मात्र हलकं पडतं.

(दृश्य : पडद्यावर तारीख : ७ एप्रिल २०१४)

निवेदन :
आकाराची चर्चा सगळेच करतात. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो जबाबदारीचा प्रश्न. ७ एप्रिल २०१४ला ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची फट जगजाहीर झाली. तिच्यातून सर्व्हरच्या मेमरीतली गुपितं बाहेर काढता येत होती. लायब्ररी सामाईक असेल, तर तिचं एक पॅकेज बदलायचं, सेवा पुन्हा सुरू करायच्या, की तिच्यावर चालणारी सगळी सॉफ्टवेअर सुरक्षित. तेच काम ज्याने त्याने लायब्ररी सोबत बाळगली असेल, तर प्रत्येकाच्या मागे लागावं लागतं. फ्लॅटपॅकने मधला मार्ग काढला आहे : रनटाइम सांभाळणारे त्याच्या लायब्ररी दुरुस्त करतात, पण ॲपने रनटाइमबाहेरचं जे सोबत आणलं असेल, ते ॲप बांधणाऱ्याच्या भरवशावर. तो माणूस उत्साही असेपर्यंत ठीक. म्हणूनच मिंट २२ने प्रकाशकाची ओळख न पटलेली फ्लॅटपॅक सुरुवातीला लपवूनच ठेवली आहेत. हा निर्णय आम्हाला पटतो.

दुसरी बाजू कुंपणाची. कंटेनरमधल्या ॲपला काय दिसावं, हे परवानग्यांनी ठरतं. शेजारच्या दुकानात उबंटू आहे, तिथे अशी ॲप स्नॅप म्हणून येतात. गिऱ्हाईक नवरा-नवरीचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आलं. फाइल मॅनेजरमध्ये फोटो दिसतात, ॲपमधून मात्र उघडत नाहीत. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत उभं. पेनड्राइव्ह धड होता. कितीतरी स्नॅपना बाहेरच्या ड्राइव्हची परवानगी आपोआप मिळतच नाही, ती ॲपच्या परवानग्यांमध्ये जाऊन द्यावी लागते. कुंपण हवंच, पण त्याचं फाटक कुठे आहे हे दुकानदाराला कोणीतरी सांगायला हवं. उलट फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या ऑनलाइन भांडारातल्या बऱ्याच ॲपना अख्खं होम फोल्डर खुलं असतं. नुसतं 'कंटेनर' ऐकून निर्धास्त होऊ नये.

(दृश्य : गिम्पमध्ये पत्रिकेचा मजकूर, 'मुक्त' नावाच्या फॉन्टमध्ये.)

निवेदन :
मराठी फॉन्टचं काय होणार, ही मालकांची मोठी धास्ती होती. फ्लॅटपॅक सिस्टिममधले फॉन्ट आतल्या ॲपला वाचायला देतं, त्यामुळे 'मुक्त'मधली जोडाक्षरं इथेही नीट उमटली.

ॲपइमेज हा तिसरा प्रकारही आहे. एकच फाइल, तिला चालवण्याची परवानगी देऊन डबल क्लिक केली की चालू. एखादं ॲप चाखून बघायला उत्तम, पण त्याला स्वतःचं कुंपण नाही आणि बहुतेक वेळा अपडेटचं आपणच बघायचं. रोजच्या धंद्याला आम्ही ते सुचवणार नाही.

मालकांनी शेवटी प्रिंटरचे ड्रायव्हर आणि लिब्रेऑफिस सिस्टिम पॅकेजमधूनच ठेवलं. तिथे नव्यापेक्षा भरवसा मोलाचा. गिम्प ३ मात्र फ्लॅटपॅकमधून घेतलं. त्यात फोटोवर लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो, आणि वधूपिता तिसऱ्यांदा "जरा उजळ करा हो" म्हणाले, तरी काम मुळापासून करावं लागत नाही.

(दृश्य : अपडेट मॅनेजर. यादीत फ्लॅटपॅकचा नवा रनटाइम.)

निवेदन :
एक काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाचा मूळ रनटाइम साधारण दोन वर्षं सांभाळला जातो. २३.०८, २४.०८ अशी त्यांची नावं, वर्ष आणि महिन्यावरून. मुदत संपलेल्या रनटाइमवर एखादं ॲप अडकलंय असा इशारा आला, तर ते काढायचं, त्याचंच सिस्टिम पॅकेज मिळतं का बघायचं, आणि मागे राहिलेला रनटाइमही पुसून जागा मोकळी करायची.