“जेवण जातं ना?” एवढ्या प्रश्नाने जबडा कळत नाही

राम राम मंडळी! माझ्या हातात आहे कळण्याची भाकरी. कालची. ज्वारी-उडदाची ही भाकरी शिळी झाली की किती चिवट होते, ते खान्देशात कुणाला सांगायला नको.

माझ्या मावशीला हीच भाकरी चावेनाशी झाली होती. मी दातांची डॉक्टर. फोनवर विचारलं, “जेवण जातं ना?” ती म्हणाली, “जातं की.” मग तिच्या घरी पंगतीला बसले, तेव्हा ताट दिसलं. भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यावर वाटीभर वरण, आणि अंगठ्याने दाबून दाबून केलेला काला. घास तोंडात गेला की डावा हात आपसूक कानापुढे. “जबडा दुखस व माय,” एवढंच बोलली.

आता कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. हलतोय ना? तोच जबड्याचा सांधा. आत एक छोटी चकती असते. ती सरकली, सांधा सुजला किंवा गालाचे स्नायू आखडले, की चावणं अवघड होतं. नुसता ‘कट्’ आवाज येतो, पण दुखत नाही, तोंडही नीट उघडतं, तर घाबरू नका.

मग चावण्याची क्षमता मोजायची कशी? जुनी पद्धत शेंगदाण्याची. 1950 मध्येच संशोधकांनी ती वापरली होती. ठरावीक वेळा चावायचं, थुंकायचं, धुवायचं आणि चाळणीतून गाळायचं. बारीक किती झालं, ते चाळणीच सांगते. पण दुखऱ्या जबड्याला शेंगदाणा जड जातो. म्हणून दोन रंगांचं च्युइंगगम देतात. वीस वेळा चावून घेतात, गोळा चपटा करतात, दोन्ही बाजूंचा फोटो स्कॅन करतात. रंग जितके एकजीव, तितकं चावणं चांगलं.

मला यात एक गोष्ट खटकते. वीस चावे कुणीही सोसून काढतो. मावशीचं दुखणं भाकरीच्या तिसऱ्या-चौथ्या घासानंतर सुरू व्हायचं! म्हणून चाचणीसोबत माणसाला विचारायलाच हवं. त्यासाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या महिनाभरात चिवट पदार्थ चावताना, जांभई देताना, बोलताना, हसताना किती अडचण आली, त्याला 0 ते 10 गुण द्यायचे. 0 म्हणजे काहीच अडचण नाही. आठ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. पण मूळ प्रश्नांत कडक पाव आहे, बिस्किटं आहेत. यावल-रावेरच्या बाईला पावाचं काय विचारता? मात्र मनाने भाकरी घालून गुण जोडले, तर ते इतर ठिकाणच्या गुणांशी ताडता येत नाहीत. भाषांतर करून, इथल्या पेशंटवर तपासूनच वापरावं लागतं.

तोवर घरी एक वही करा. केळं, खिचडी, भरीत, ताजी भाकरी, शिळी भाकरी, फुटाणे. यातलं कुठं अडतं? कुठल्या बाजूने चावता? जेवायला किती वेळ लागतो? नंतर दुखतं का? पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा. ही काही शास्त्रीय चाचणी नाही, पण डॉक्टरांना फार कामाची. आणि तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील, म्हणजे साधारण 40 मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल, किंवा जबडा अडकत असेल, तर वहीची वाट बघू नका, दाखवून या.

मावशीच्या वहीत पहिल्या दिवशी अडचणीचा आकडा (0 ते 10 पैकी) भरताला 1 होता, शिळ्या भाकरीला 8. मऊ जेवण, गरम पाण्याचा शेक आणि जबड्याचे व्यायाम करून दोन महिन्यांनी भाकरीचा आकडा 3 वर आला. फुटाण्यांच्या रकान्यात तिने अजून काही लिहिलेलं नाही.