एकुलत्या एकाच्या खांद्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

25 सप्टेंबर 1980 रोजी चीनच्या कम्युनिस्ट पक्षानं आपल्या सदस्यांना एक खुलं पत्र लिहिलं. एका जोडप्याला एकच मूल, असं आवाहन त्यात होतं. तीस वर्षांनी लोकसंख्येचा ताण हलका झाला की वेगळं धोरण आखता येईल, असंही त्याच पत्रात म्हटलं होतं. प्रत्यक्षात ते धोरण 2015 पर्यंत चाललं. दुसरं मूल झालं तर जबर दंड आणि कित्येक ठिकाणी सक्तीचा गर्भपात. त्या बायांनी काय सोसलं असेल, याचा हिशेब कुठल्याच आकडेवारीत नाही.

1980 साली जन्मलेला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला ना भाऊ, ना बहीण. बायकोही एकुलती एक. म्हणजे त्यांच्या लेकराला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. आज हा माणूस पंचेचाळिशीत आहे. त्याचे आईवडील आणि सासूसासरे सत्तरीच्या घरात, वर लेकराचं शिक्षण. चीनमध्ये अशा घराला 'चार-दोन-एक' म्हणतात. आई दवाखान्यात असली की आपल्याकडे भावंडं पाळ्या लावतात. इथं पाळी लावायला दुसरं माणूसच नाही.

हे घराघरांतलं गणित आता देशाच्या अंगावर आलं आहे. 2016 साली दोन मुलांना परवानगी मिळाली, तेव्हा वर्षभरात पावणेदोन कोटींहून जास्त बाळं जन्मली. 2023 मध्ये जेमतेम 90 लाख. 2022 पासून मृत्यू जन्मांपेक्षा जास्त आहेत. एकट्या 2023 मध्ये 14 हजारांहून अधिक बालवाड्या कमी झाल्या. दुसरीकडे साठी ओलांडलेल्यांची संख्या 30 कोटींच्या पुढे गेली आहे. 'श्रीमंत होण्याआधीच म्हातारे झालो', असं तिथले लोक म्हणतात. पुरुषांच्या निवृत्तीचं साठ हे वय 1950 च्या दशकापासून चालत आलेलं. 2025 पासून ते टप्प्याटप्प्यानं त्रेसष्टवर नेलं जातंय.

पण मला विचाराल, तर याहून खोल जखम हुकौची आहे. हुकौ म्हणजे कुटुंबाची गावाशी बांधलेली सरकारी नोंद, 1958 पासूनची. गावचा माणूस शेन्झेनच्या कारखान्यात वीस वर्षं राबला तरी नोंद गावचीच, आणि तिच्यामागं शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन सगळं गावाला बांधलेलं. असे स्थलांतरित कामगार जवळजवळ 30 कोटी आहेत. जगाला स्वस्त माल मिळाला तो यांच्या हातांनी. त्यांची मुलं मात्र मागं, आजीपाशी. आपल्या ऊसतोड मजुरांची घरं आठवा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

चिनी नववर्षाला हे सगळे घरी निघतात. स्टेशनावर पोत्यांची गर्दी असते. रंगाचे रिकामे प्लास्टिकचे डबे सामानानं भरून आणतात आणि गाडीत जागा नाही मिळाली की त्यावरच बसतात, रात्रभर. काही दिवस घरी, की परत निघायचं. ज्या आजीवर लेकरू सोपवलेलं असतं, तिला निवृत्तिवेतन मिळतं महिन्याला सरासरी दोनशे युआनच्या आसपास, म्हणजे आपले दोन-अडीच हजार रुपये. शहरातल्या निवृत्त नोकरदाराला त्याच्या कैक पट. मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटायला जावं, असा कायदाच 2013 मध्ये चीननं लागू केला. पण फॅक्टरीतून रजा मिळाली तर ना!

बचत म्हणाल, तर ती घरात अडकली. फ्लॅट बांधून होण्याआधीच पैसे भरायची तिथली रीत. 2021 मध्ये एव्हरग्रांडे ही बलाढ्य बांधकाम कंपनी बुडीत निघाली, आणि पुढच्या वर्षी अर्धवट इमारतींसमोर उभे राहून कित्येक शहरांतल्या लोकांनी हप्ते भरायचं थांबवलं. तरुणांची बेकारी जून 2023 मध्ये 21.3 टक्क्यांवर गेली. त्यानंतर सरकारनं काही महिने तो आकडाच जाहीर केला नाही.

आता तो 1980 चा मुलगा पुन्हा आठवा. त्याची मुलगी विशी ओलांडून गेली असेल, नोकरी शोधत असेल. तिला सरकार सांगतंय, तीन मुलं होऊ द्या. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत वर्षाला 3,600 युआन देऊ. शांघायमध्ये एका महिन्याचं घरभाडंही त्यात भागणं कठीण. आणि तिच्या घरी चार म्हातारी माणसं आहेत.

नमस्कार.