रक्तातला दाह, फुफ्फुसातली घट

[दृश्य: जुन्या स्पायरोमीटरच्या कागदावर उमटणारी रेघ]

1985-86 मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतली 18 ते 30 वयाची 5115 माणसं ‘कार्डिया’ या अभ्यासात सामील झाली. अभ्यास मुळात हृदयविकाराचा. पण फुफ्फुसांची तपासणी, म्हणजे स्पायरोमीटर या यंत्रात जोरात फुंकून हवा मोजणं, त्यात सुरुवातीपासून होती. पाचव्या वर्षी रक्तातलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) मोजलं, सातव्या वर्षी सीआरपी (शरीरात दाह, म्हणजे सूज असली की वाढणारं प्रथिन). विसाव्या वर्षी, मंडळी चाळिशीत पोचल्यावर, पुन्हा फुंकायला लावलं. तरुणपणी ज्यांचे हे दोन आकडे चढे होते, त्यांच्या फुफ्फुसांची क्षमता इतरांपेक्षा जास्त घटली होती. सिगारेट आणि वजन यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकला. सरासरीतला फरक मात्र लहान आहे, त्यामुळे एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

[दृश्य: निळ्या झाकणाची नळी, जवळून]

दोन्ही प्रथिनं यकृतात तयार होतात, इंटरल्यूकिन-6 या दाहाच्या निरोप्याचा इशारा मिळाला की वाढतात. साधी सर्दी किंवा हिरडीची सूजसुद्धा सीआरपीचा आकडा उडवून देते. पण कारण संपलं की तो दर 19 तासांनी निम्मा होतो, म्हणून ही उडी काही दिवसांचीच असते. हाय-सेन्सिटिव्हिटी चाचणीत लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर आलं, तर दोन आठवडे थांबून पुन्हा तपासायचं. रिपोर्टवरचं एकक आधी बघा: लिटरमागे 3 म्हणजे डेसिलिटरमागे 0.3. इथे भलेभले फसतात.

फायब्रिनोजेनच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट एक भाग असतं, त्यावर नऊ भाग रक्त हवं. नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो. नळीत गुठळी झाली तरी तेच, कारण फायब्रिनोजेन गुठळीतच खर्ची पडतं.

मग सीआरपी स्वतःच फुफ्फुस बिघडवतं का? कोपनहेगनच्या संशोधकांनी जन्मतः जास्त सीआरपी बनवणारी जनुकं असलेली माणसं तपासली. त्यांच्यात सीओपीडी (श्वासाची वाट अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) जास्त आढळला नाही. म्हणजे सीआरपी साक्षीदार आहे, आरोपी नव्हे. नुसता आकडा खाली आणणारी गोळी फुफ्फुस वाचवेल, असं धरून चालता येणार नाही.

[दृश्य: नाकाला चिमटा, ओठांत नळी]

खरी मेख पुढे आहे. पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी, त्यातली पहिल्या सेकंदाची एफईव्ही-1. ‘कार्डिया’त दोन्ही घटले होते. समजा, 4 लिटरपैकी 3.2 पहिल्या सेकंदात बाहेर येत होती. काही वर्षांनी 3.5 पैकी 2.8 येते. एफईव्ही-1 भागिले एफव्हीसी, हे गुणोत्तर दोन्ही वेळा 0.80. सीओपीडी 0.70 च्या खाली धरतात, म्हणून शेरा ‘नॉर्मल’. अर्धा लिटर कुठे गेला, हे कोणी विचारत नाही. तेव्हा गुणोत्तराबरोबर लिटरही वाचा, आणि जुना कागद शेजारी ठेवून वाचा.

त्यासाठी फुंकणं मात्र नीट व्हायला हवं. पेशंट अर्ध्यात थांबला की एफव्हीसी खोटं कमी येतं आणि गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं. म्हणून तंत्रज्ञ ‘अजून, अजून’ म्हणत राहतो. किमान तीन चांगले प्रयत्न हवेत, आणि त्यातले सर्वोत्तम दोन एकमेकांपासून 150 मिलिलिटरच्या आत. तेवढं जुळत नसेल, तर पुन्हा फुंकायला सांगावं.