घड्याळजीचे डोळे

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'प्राग : हजार वर्षांची वास्तुकला'. विषय मीच कळवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. आठ वाजता सभागृह रिकामं करून द्यायचंय आणि आपले चिटणीस पहिल्या रांगेत मनगट वर करून बसलेत. म्हणून घड्याळापासूनच सुरुवात करतो. हजार वर्षांचं बघू नंतर.

चेक देशातल्या या प्रागला कोण कोण जाऊन आलंय? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह. मग तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. मोठी बस जुन्या गावात शिरत नाही, नदीकाठी उतरवतात. पुढे गाईड, तिच्या हातात मिटलेली छत्री, मागे आपली दिंडी. कानात यंत्र. टूर मॅनेजर सारखा ओरडतोय, पर्स पुढे घ्या, पर्स पुढे! मी पुढच्या तासाभरात काय पाहिलं म्हणाल, तर छत्रीचं टोक आणि समोरच्या काकांचं टक्कल. त्यातलं छत्रीचं टोक गॉथिक होतं, जुन्या चर्चच्या मनोऱ्यासारखं टोकदार.

तर अशी आमची दिंडी जुन्या नगरभवनाखाली, त्या प्रसिद्ध घड्याळासमोर उभी राहिली. त्याला तिकडे 'ओर्लोज' म्हणतात. तीन वाजायला पाच मिनिटं होती. चौकात मुंगी शिरायला जागा नाही, शेकडो माणसं मोबाइल उंच धरून तयार. बरोब्बर तीनला बाजूचा सांगाडा, म्हणजे मृत्यू, दोरी ओढून घंटा वाजवतो. शेजारी तुर्काचा पुतळा आहे, तो 'नाही, नाही' करत मान हलवतो. इतक्यात यायचं नाही म्हणतो. आमच्या वयाची मंडळी त्याच्याशी लगेच सहमत झाली. पलीकडे आरसा धरलेला गर्विष्ठ, थैली घेतलेला कंजूष. वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकामागून एक डोकावून जातात, आणि शेवटी सोन्याचा कोंबडा आरवतो. आरवतो कसला, हवा गेलेल्या सायकलच्या भोंग्यासारखा आवाज करतो. मिनिटभरात खेळ खलास. लोक एकमेकांकडे बघतात : झालं?

नेमक्या या 'झालं?'च्या वेळी गाईड आपली गोष्ट सोडते. म्हणे, हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिरानं बनवलं. दुसऱ्या कुठल्या शहरासाठी त्यानं असं घड्याळ करू नये, म्हणून नगरपालांनी रात्री माणसं पाठवून, तापल्या सळईनं त्याचे डोळे काढले. पुढे आंधळ्या हानुशनं चाचपडत जाऊन यंत्रात हात घातला, आणि घड्याळ बंद पडलं ते पडलंच, कित्येक वर्षं कोणाला दुरुस्त करता येईना.

सगळे गप्प. आमच्यात नागपूरच्या एक मावशी होत्या. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "हे तं आपल्या ताजमहालाचंच सांगून राहिली नं भाऊ!"

मंडळी, आजचं माझं व्याख्यान त्या मावशींनी एका वाक्यात देऊन टाकलं होतं. तिथे हात तोडले, इथे डोळे काढले. बाकी राजा तोच, कारागीर तोच, गाईडचा आवाज खाली येतो ती जागाही तीच.

आता खरं काय ते सांगतो. घड्याळाचा सगळ्यात जुना भाग 1410चा. तो केला कादानच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीनं, आणि त्यामागचं खगोलाचं गणित यान शिंडेल या विद्वानाचं, असं मानतात. हानुश आला त्यानंतर ऐंशी-एक वर्षांनी, दुरुस्तीला. पण गोष्ट हानुशची चालली आणि कर्तेपणही शेकडो वर्षं त्याच्याच नावावर राहिलं. विसाव्या शतकात 1410चा कागद समोर आला तेव्हा कुठे मिकुलाश पुन्हा उजेडात आला. त्या कागदाप्रमाणे नगरपालांनी त्याचं काय केलं असेल? घर दिलं, रोख इनाम दिलं. डोळे जागच्या जागी.

ताजचंही तसंच. आराखड्याचं श्रेय ज्याला देतात तो उस्ताद अहमद लाहोरी पुढे दिल्लीचा लाल किल्ला बांधण्यात होता. तोडलेल्या हातांनी कोणी दुसऱ्या कामावर जातं का? पण आपल्यातल्या कितीजणांना लाहोरी हे नाव ठाऊक आहे? तोडलेले हात मात्र पाचवीतल्या पोरालाही ठाऊक.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही गोष्ट कारागिराच्या कळवळ्यानं सांगतात असं वाटतं खरं, पण तीच त्याला खाऊन टाकते. आपण हळहळतो, आणि हळहळण्याच्या नादात त्याचं नाव विचारायचं राहून जातं.

गाईडवर माझा राग नाही. नंतर मी त्या बाईंना बाजूला गाठलं आणि मिकुलाशबद्दल विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण मिकुलाशला घर मिळालं असं सांगितलं तर बक्षिशी कोण देईल?" काय बोलणार यावर!

हे मला एवढं का लागलं, ते सांगतो. विषयांतर आहे, चिटणीसांनी तिकडे बघावं. माझी अख्खी नोकरी पुलांवर गेली. मराठवाड्यात एका नदीवर पूल होता, पाया विहिरींचा. म्हणजे पात्रात काँक्रीटची पोकळ विहीर ठेवायची, आतली वाळू-माती उपसत जायची, तशी ती आपल्या वजनानं खाली बसत जाते, खडक लागेपर्यंत. बोलायला सोपं आहे. विहीर सरळ जाईल तर शपथ! आमच्याकडे तेलंगणातल्या पालमूरकडचा एक मुकादम होता. तो विहिरीत उतरायचा, पहार आपटायचा आणि आवाजावरून सांगायचा, 'साहेब, हा खडक नाही, मोठा धोंडा आहे, अजून खाली जायचंय.' आम्ही नकाशे उघडून बसायचो, तो कान लावायचा. माझ्यादेखत तरी एकदाही चुकला नाही. पूल झाला. उद्घाटनाला कोनशिला बसली, तिच्यावर अकरा नावं. त्यातल्या एकात वेलांटी चुकली म्हणून रातोरात दुसरा दगड कोरून आणला. मला रात्री अकराला उठवलं होतं त्या वेलांटीपायी. अकरात एकही माणूस त्या विहिरीत उतरलेला नव्हता. त्यात मीही आलो, म्हणजे उतरलो नव्हतो आणि दगडावरही नव्हतो. वर्षानुवर्षं हे गाऱ्हाणं मी घरी ऐकवत आलो. शेवटी आमच्या सौ. एकदा म्हणाल्या, "बरं, त्या मुकादमाचं नाव काय हो?"

मंडळी, मला आडनाव आठवेना. अजून आठवत नाही.

असो. चार्ल्स पुलाकडे येऊ, म्हणजे निदान विषयाच्या जवळ आलो असं होईल. हा पूल 516 मीटरचा, सोळा कमानी, वर तीस पुतळे. काम सुरू झालं 1357मध्ये. गाईड सांगते, सम्राट चौथ्या चार्ल्सनं ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढला : 1357, नववा दिवस, सातवा महिना, पहाटे 5 वाजून 31 मिनिटं. एक-तीन-पाच-सात-नऊ-सात-पाच-तीन-एक, चढते आणि उतरते विषम आकडे. टाळ्या! पण एकतिसावं मिनिट पाहिलं कोणी? चौकातलं ते घड्याळ बसायला अजून 53 वर्षं होती.

दुसरी गोष्ट अंड्यांची. चुना घट्ट व्हावा म्हणून राज्यभरातून अंडी मागवली. वेलवारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. चुन्याच्या घाण्यात गूळ आणि हिरडा घालणाऱ्यांचे आपण वंशज, आपल्याला अंड्यांचं नवल नाही. उकडलेल्यांचं मात्र आहे. ही गोष्ट मला मनापासून आवडते, कारण हिच्यात कोणाचे डोळे जात नाहीत.

पण या पुलाचा कर्ता, पेटर पार्लर, गाईडनं नावसुद्धा घेतलं नाही. तरुणपणी जर्मनीतून आला, पूल हातात घेतला, वर किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलचं कामही सांभाळलं. त्या कॅथेड्रलमध्ये उंचावर, कमानींच्या वरच्या सज्जात, दगडी अर्धपुतळ्यांची रांग आहे. सम्राट, त्याच्या राण्या, आर्चबिशप, आणि त्याच रांगेत कॅथेड्रलचा आधीचा वास्तुकार आरासचा माथियास आणि खुद्द पार्लर. चौदाव्या शतकात! खालून मान मोडली तरी धड दिसत नाहीत. आमच्या कार्यक्रमात कॅथेड्रलला वीस मिनिटं होती, त्यातली बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली.

हे ऐकताना रायगड आठवला असेल तुम्हाला. जगदीश्वराच्या पायरीवरचा लेख, 'सेवेचे ठायी तत्पर हिराजी इटळकर'. पार्लरनं वर जागा घेतली, आपल्या हिरोजीनं पायाशी. दोघांची नावं टिकली.

चिटणीस उभे राहिले. सात मिनिटं? पाच. बरं, हजार वर्षं पाच मिनिटांत.

जुन्या चौकात उभं राहून गोल फिरलात तरी पुरे. घरांच्या तळघरांत रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्याही आधीच्या शैलीतल्या, कमानी आहेत. नदीच्या पुरापायी गावाची जमीन भर घालून उंच केली, जुने तळमजले जमिनीखाली गेले. समोर 'तीन' (Týn) नावाचं चर्च, गॉथिक, दोन टोकदार मनोरे. कोपऱ्यात सेंट निकोलस, बरोक, गोल घुमटाचं. 1620मध्ये पांढऱ्या टेकडीवर प्रोटेस्टंट सरदार हरले, 21 जून 1621ला त्यांच्या सत्तावीस जणांना याच चौकात मारलं. फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत, आम्ही त्यांवर उभं राहून ग्रुप फोटो काढला. त्यानंतर बरोकची लाट आली, जिंकणाऱ्या कॅथलिकांची शैली म्हणून. जवळच योसेफ गोचारचं काळ्या मॅडोनाचं घर, 1912चं, क्युबिस्ट, म्हणजे कोनाकोनांच्या आकारांचं. चित्रातला क्युबिझम इमारतीत उतरवणारे हे चेकच. नदीकाठी 1996ची नाचरी इमारत, मिलुनिच आणि गेरी यांची. सेंट व्हिटस 1344ला सुरू होऊन 1929ला पुरं झालं, म्हणजे रखडण्यात आमच्या खात्याचीही मान खाली जाईल.

आणि एकच. त्या 'तीन' चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे पुरलाय. त्याचा सहकारी केप्लर त्याच गावात 1600 ते 1612 राहिला, ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हे गणित त्यानं तिथंच मांडलं. समोरच्या घड्याळात मात्र आजही पृथ्वी मधोमध आहे आणि सूर्य-चंद्र तिच्याभोवती फिरतात. कोणी बदललं नाही, छान केलं.

चिटणीस, आलो, आलो. त्या घड्याळावर बाहेरच्या कड्याला जुने बोहेमियन, म्हणजे त्या मुलखातले, तास आहेत. सूर्य मावळला की चोवीस वाजतात आणि तिथून पुन्हा एकपासून मोजणी. तुमच्या मनगटावर आठ झालेत ना? आज सूर्य सातच्या सुमाराला मावळला. मिकुलाशच्या हिशेबानं आत्ता कुठे एक वाजतोय.