अर्ज, मुलाखत आणि मनातली धाकधूक

(पणजी येथे कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रांनो,

लॉ फर्मकडे अर्ज करण्याचा विषय निघाला की गोव्यातल्या मुलांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "मॅडम, आमचा तिथे काय निभाव लागणार?" या वाक्यात भीती असते, अपुरी माहिती असते, काही ठिकाणी खरोखरच कच्ची राहिलेली तयारी असते आणि नातेवाइकांनी लग्नसमारंभात ऐकवलेली दोन-चार वाक्येही असतात. विद्यार्थ्याला मात्र ते सगळे मिळून एकच वाटते आणि त्या सगळ्याला 'माझी लायकी नाही' असे नाव देऊन तो मोकळा होतो. आज मला सांगायचे आहे ते इतकेच, की यातल्या प्रत्येक गोष्टीवरचा उपाय वेगळा आहे आणि त्या वेगवेगळ्या करून पाहिल्या, तर लायकीच्या प्रश्नासाठी फारसे काही शिल्लक उरत नाही.

माहितीपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते धास्तीचा सर्वांत मोठा वाटा तिथून येतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतला ३६ वा नियम वकिलांना जाहिरात करण्यास मनाई करतो. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली. नियमामागचा हेतू चांगला आहे, परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की बँकेची भरती कशी होते हे गल्लीतल्या कोणालाही ठाऊक असते, आणि लॉ फर्ममध्ये माणसे कशी घेतात हे त्या वर्तुळाबाहेर कोणालाच नीट ठाऊक नसते. ही माहिती एका तोंडातून दुसऱ्या कानात जाते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत भरतीचे काम पाहणारी विद्यार्थ्यांची समिती असते, आधीच्या तुकड्यांतले सीनियर त्याच फर्ममध्ये बसलेले असतात, आणि कोणत्या भागीदाराकडे कोणते काम असते, अर्ज कोणत्या महिन्यात पाठवायचा, सीव्ही किती पानांचा ठेवायचा, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही सहज कळते. मिरामारच्या साळगावकर महाविद्यालयातला किंवा मडगावच्या कारे महाविद्यालयातला विद्यार्थी याच गोष्टी चाचपडत शोधतो. मे महिन्यातल्या इंटर्नशिपसाठी तो मार्चअखेर ई-मेल पाठवतो, उत्तर येत नाही, आणि आपला सीव्ही वाचून कोणीतरी नाक मुरडले असेल अशी त्याची खात्री होते. वास्तविक मोठ्या फर्ममधल्या उन्हाळी सुट्टीच्या जागा कित्येक महिने आधी भरलेल्या असतात आणि त्याचा सीव्ही बहुधा कोणी उघडलेलाही नसतो. ही चूक वेळापत्रकाची आहे, आणि ती पुढच्या खेपेस पूर्णपणे टाळता येते.

म्हणून उलटे मोजायला शिका. परिषदेच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते, आणि एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक असू नये असे बंधन आहे. म्हणजे तुमच्या हातात मोजक्याच सुट्ट्या आहेत. कोणती सुट्टी न्यायालयात, कोणती फर्ममध्ये, याचा आराखडा तिसऱ्या वर्षाच्या आरंभी केला, तर शेवटच्या वर्षी होणारी घालमेल निम्म्याने कमी होते. एक साधी वही घाला. कोणाला, कोणत्या तारखेला, काय पाठवले, कोणत्या तारखेला आठवण केली, एवढेच तीत लिहायचे. मनात घोळणाऱ्या दहा अर्जांची भीती वाटते. वहीत लिहिलेल्या दहा अर्जांपैकी चारांना अजून आठवणपत्र गेलेले नाही, एवढेच दिसते.

दुसरा गैरसमज कामाविषयीचा आहे. फर्म म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे न्यायाधीशांसमोर खणखणीत आवाजात युक्तिवाद करणारा वकील उभा राहतो आणि 'मला तर चारचौघांत बोलता येत नाही' हा निष्कर्ष लगेच निघतो. फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाचा दिवस बराचसा कागदावर जातो : करारांचे मसुदे, तपासणीचे अहवाल, एखाद्या मुद्द्यावरची टिपणे. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन १८९१ मध्ये परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आपल्या पहिल्या दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ते खाली बसले आणि तीस रुपये फी त्यांनी परत केली. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. राजकोटला जाऊन ते अर्ज आणि निवेदने लिहून देऊ लागले आणि त्यावर त्यांना महिन्याला सरासरी तीनशे रुपये मिळू लागले. ज्याला उभे राहून बोलता येत नव्हते त्याला बसून लिहिता येत होते, आणि फर्मला मुख्यत्वे हवी असते ती हीच दुसरी गोष्ट.

आता गोव्याच्या विद्यार्थ्याच्या हाती आधीच असलेल्या, पण त्याला न दिसणाऱ्या भांडवलाकडे येते. एखादी मुंबईची फर्म आपल्या अशिलासाठी आसगावात किंवा काणकोणात जमीन घेण्यापूर्वी टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासते तेव्हा तिथला हुशार, तडफदार वकीलही पहिल्याच फायलीत अडखळतो. चार भावंडांच्या जमिनीच्या विक्रीखतावर बहिणीच्या नवऱ्याची सही कशाला, हे त्याला कळत नाही. तुम्हाला ते घरातूनच ठाऊक असते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेत, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता पती-पत्नींची सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा, आणि स्थावर मालमत्ता विकताना दोघांची संमती लागते. वारसाहक्काचा हा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या वारसाविषयक कायद्यात आला आहे आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची, कार्यवाहीही त्याच कायद्याने चालते. १९६४ चा कूळ कायदा, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा १९७५ चा मुंडकार कायदा, जमिनीच्या नोंदींचा एक-चौदाचा उतारा, कोमुनिदादीची म्हणजे गावसंस्थेची सामाईक जमीन, पोर्तुगीज काळातले नोंदणीचे दाखले : या प्रत्येकापुढे बाहेरचा वकील थबकतो आणि गोव्यातल्या एखाद्या सहकाऱ्याला फोन लावतो.

तरीही सीव्हीत काय लिहिलेले असते? 'छंद : वाचन, प्रवास, संगीत.' म्हापशाच्या एखाद्या वकिलाच्या कचेरीत सुट्टीभर बसून सब-रजिस्ट्रारकडच्या जुन्या नोंदी चाळल्या, दोन इन्व्हेंटरींच्या याद्या तयार करण्यास मदत केली, हे मात्र त्यात नसते, कारण ते 'आपले गावचे काम' वाटते. मला हे पाहून खरोखर राग येतो. ज्या तीन ओळी वाचून समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसला असता, त्याच तुम्ही वगळता आणि नंतर आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही म्हणून खंत करता.

इंग्रजीचा प्रश्नही टाळून चालणार नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांतल्या आपल्यापैकी अनेकांचे पहिले चार इयत्तांचे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून आले. वर्गात उत्तर ठाऊक असूनही हात वर न करण्याची सवय तेव्हापासूनची असते, आणि ती विधी महाविद्यालयापर्यंत सोबत येते. इथे तयारी कमी आहे हे मान्य करावे आणि ती वाढवावी, त्यासाठी न्यूनगंडाची गरज नाही. आठवड्याला एक निवाडा घ्या, त्यावर दोन पानांचे टिपण लिहा, दुसऱ्या दिवशी तेच एका पानात बसवा. अलंकारिक इंग्रजीला फर्ममध्ये कोणी विचारत नाही. करारातले कर्तव्य कोणाचे, ते कधीपर्यंत पार पाडायचे आणि पाडले नाही तर काय, हे ज्याच्या वाक्यातून एकदा वाचून कळते त्याचे इंग्रजी चांगले.

एवढे सगळे केल्यानंतरही मुलाखतीच्या सकाळी तोंडाला कोरड पडते, तळहात गार होतात. हा शरीराचा भाग आहे आणि तो माहितीने किंवा तयारीने पूर्णपणे जात नाही. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत हौशी मंडळी नाटके करतात. तुमच्यापैकी जे कोणी त्यांत उभे राहिले असतील त्यांना ठाऊक आहे की विंगेत असताना छाती धडधडते, पहिले वाक्य बाहेर पडले की ती धडधड आवाजातला जोर होऊन जाते, आणि वीस वर्षे काम करणाऱ्या नटाचीही यातून सुटका नसते. ॲलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की भाषण, गाणे किंवा गणिताची परीक्षा यांच्या आधी स्वतःला 'शांत हो' असे बजावणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आला आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधडणाऱ्या छातीला शांत करणे अवघड असते, तिला वेगळे नाव देणे त्या मानाने सोपे. थोड्या ताणाने काम सुधारते या म्हणण्याला १९०८ च्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या प्रयोगांचा आधार देण्याची पद्धत आहे. ते प्रयोग उंदरांवर झाले होते, त्यामुळे त्यांवर फार मोठी इमारत उभारू नये असे मला वाटते.

मुलाखतीत प्रत्यक्ष काय घडते ते एका प्रश्नावरून पाहू. समजा, विचारले : "आमच्या अशिलाने कर्मचाऱ्याकडून लिहून घेतले आहे की नोकरी सोडल्यावर दोन वर्षे तो स्पर्धक कंपनीत जाणार नाही. हे टिकेल का?" घाबरलेला विद्यार्थी प्रश्न संपण्यापूर्वी बोलू लागतो आणि 'परिस्थितीवर अवलंबून आहे' असे म्हणून अडकतो. दुसरा आधी प्रश्न आपल्या शब्दांत परत मांडतो : "म्हणजे बंधन नोकरी सुटल्यानंतरचे आहे, नोकरी चालू असतानाचे नाही?" या एका वाक्याने त्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि गंमत म्हणजे उत्तराचा गाभाही त्यातच असतो. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार शून्य ठरवते; धंद्याच्या नावलौकिकाची विक्री हा त्यातला अपवाद; म्हणून नोकरीनंतरची बंदी सहसा टिकत नाही, गोपनीय माहितीचे संरक्षण मात्र वेगळे मागता येते. पुढे निवाडा विचारला आणि नाव आठवले नाही, तर "नाव आत्ता आठवत नाही, परंतु नोकरीच्या मुदतीतले बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये वैध मानले होते" असे सांगावे. त्या निवाड्यातल्या सेंच्युरी स्पिनिंग या कंपनीचे नाव समोरचा माणूस स्वतःच उच्चारतो. जे आठवत नाही ते नेमके काय हे स्पष्ट सांगणारा कनिष्ठ वकील कोणालाही आवडतो, कारण उद्या अशिलापुढे तो ठोकून देणार नाही याची त्यामुळे खात्री पटते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर खुनाच्या कलम ३०२ चे १०३ झाले आणि फसवणुकीच्या ४२० चे ३१८ झाले. तेव्हापासून पांढऱ्या केसांचे सीनियरही पर्वरीच्या उच्च न्यायालयात पाने उलटताना दिसतात आणि त्यांचे काही बिघडत नाही.

अलीकडे विद्यार्थी येऊन सांगतात की त्यांना 'इम्पोस्टर सिंड्रोम' आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये हे वर्णन केले ते कर्तृत्व सिद्ध केलेल्या स्त्रियांविषयी : पदव्या, मानसन्मान हाती असूनही ते आपल्या गुणांनी मिळाले आहेत यावर ज्यांचा विश्वास बसत नव्हता. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला करार लिहिता येत नसेल, तर तो तोतया नव्हे, नवशिका आहे, आणि नवशिक्याला आपल्याला येत नाही असे वाटणे हे बरेचसे वस्तुस्थितीला धरून असते. उगाच रोगाचे नाव लावून घेऊ नये. मात्र झोप उडणे, जेवण न जाणे, अर्जच न पाठवता दिवसेंदिवस खोलीत बसून राहणे, असे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर तो व्याख्यानाने सुटणारा प्रश्न नाही. बांबोळीला मनोरुग्णोपचार संस्था आहे, 'टेलि-मानस'ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे. तिथे बोलावे, आणि लवकर बोलावे.

शेवटचा मुद्दा नकाराचा. बहुतेक अर्जांना नकारही येत नाही, नुसती शांतता येते, आणि तिचा अर्थ लावत बसण्यात मुलांचे महिने जातात. दोन आठवड्यांनी एक आठवणपत्र पाठवावे, त्यानंतर वहीत रेघ मारावी. मुलाखत होऊन नकार आला असेल, तर आभाराच्या दोन ओळी लिहून काय कमी पडले ते विचारावे. भागीदार सहसा उत्तर देत नाहीत, पण मुलाखतीला बसलेला तरुण सहकारी कधीकधी देतो. त्याच फर्मकडे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्यास काहीही हरकत नाही. मधल्या काळात अर्ज वाचणारी व्यक्ती बदललेली असते, आणि तोपर्यंत तुमच्या सीव्हीत म्हापशाच्या कचेरीच्या त्या तीन ओळी आलेल्या असतील, अशी माझी अपेक्षा आहे.