आईकडे हिशेब मागायची वेळ

एप्रिल 1938. लॉस एंजेलिसच्या कोर्टात 23 वर्षांच्या मुलाने सख्ख्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. मुलगा म्हणजे जॅकी कूगन. 1921 सालच्या ‘द किड’मध्ये चॅप्लिनसाठी लोकांच्या काचा फोडत फिरणारं ते ढगळ कपड्यांतलं पोर आठवतं ना? तोच हा.

त्या चित्रपटाने जॅकी सहाव्या वर्षी जगभर पोचला. लहानपणी त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. त्याच्या हातात काय पडायचं? आठवड्याला सव्वासहा डॉलर. त्याची त्यावर तक्रार नव्हती. वडील आपल्यासाठी साठवताहेत, असं तो धरून चालला होता.

मे 1935 मध्ये वडील मोटार अपघातात गेले. त्या गाडीतला एकटा जॅकी वाचला. पाच-सहा महिन्यांत तो 21 वर्षांचा झाला, पण पैसे काही हाती आले नाहीत. पुढे आईने आर्थर बर्नस्टाइनशी लग्न केलं. कूगन कुटुंबाचे व्यवहार पाहणारा हाच माणूस. दोघांचं म्हणणं असं, की अल्पवयीन मुलाची कमाई आईबापांची. कॅलिफोर्नियाचा तेव्हाचा कायदाही तेच सांगत होता. शेवटी तडजोडीत जॅकीच्या वाट्याला 1 लाख 26 हजार डॉलर आले.

आईला लोभी म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. मला ते पुरेसं वाटत नाही. आपल्या घरांतही आईबापाकडे हिशेब मागणं म्हणजे त्यांचा अपमान. ‘आम्ही काय परके आहोत का?’ एवढं म्हटलं की विषय संपतो, मुलाच्या मनातला प्रश्न मात्र तसाच राहतो. आणि आईबापांनी पै न् पै सांभाळली असली, तरी ते दाखवायला त्यांच्याकडे साधा कागद नसतो.

हॉलिवूडची तेव्हाची बालतारका शर्ली टेंपल. तिला 22व्या वर्षी कळलं, की 32 लाख डॉलरच्या कमाईतले जेमतेम 44 हजार उरलेत. तिने वडिलांना कोर्टात खेचलं नाही. नातं टिकवायचा भार तिथेही लेकीनेच उचलला.

मालिकेत काम करणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी मी गेले होते. तिला सेटवर न्यायचं-आणायचं म्हणून वडिलांनी नोकरी सोडलेली. धाकटा भाऊ पाण्याची बाटली काढायला गेला, तशी आजी म्हणाली, “दार आपटू नको रे, ताईच्या पैशांचा फ्रिज आहे तो.” आजी कौतुकानेच बोलली. पोराने बाटली परत ठेवली आणि माठातलं पाणी प्यायला. ताई बघत होती. वडील मला नंतर म्हणाले, “अभ्यासावरून हिला ओरडायचं म्हटलं तरी आधी उद्याचं शूटिंग आठवतं.” बापाला लेकीवर रागावता येईना, याहून मोठी फारकत कोणती?

कूगनच्या खटल्यानंतर 1939 मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यात पळवाटा होत्या. 2000 पासून तिथे बालकलाकाराची कमाई त्याची स्वतःची मानतात आणि 15 टक्के रक्कम बाजूला ठेवावीच लागते. आपल्याकडे 2017 च्या नियमांनुसार किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवी, आणि दिवसाचं काम 5 तासांच्या वर नको. हे नियम मला मनापासून मोलाचे वाटतात, कारण तेवढ्या पैशापुरती तरी मुलावर आईकडे हिशेब मागायची पाळी येत नाही. पण उरलेले 80 टक्के?

मी त्या वडिलांना एक वही घालायला सांगितलं. घरात लेकीचे पैसे कुठे लागले, ते त्यात लिहायचं. त्यांनी पहिल्या पानावर लिहिलं, ‘फ्रिज, लेकीचं देणं’. आजी चिडल्या. “पोटच्या पोरीचं देणं लिहून ठेवतात का कुणी?” वडील काही बोलले नाहीत. त्यांनी रक्कम लिहिली, शेजारी तारीख घातली, आणि वही लेकीच्या दप्तराच्या कप्प्यात ठेवली.