गेलेल्यांचं मत कुठे मोजतात

अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर बोला, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या देशाचा मतदानाचा नकाशा कोकणातल्या माणसांपुढे उलगडावा, ही माझी जुनी इच्छा. माणूस एका गावचा असतो, राबतो दुसरीकडे आणि त्याचं मत तिसऱ्याच हिशेबात जातं, हे दुसरीकडे समजावून सांगावं लागतं. इथे ते घराघरात ठाऊक आहे.

निकालाच्या रात्री टीव्हीवर दिसतो तो लाल-निळा नकाशा तुम्ही पाहिलेला आहे. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. म्हणून तिथे किती मतं पडली याच्याइतकंच ती कुठे पडली यालाही वजन येतं. २००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अध्यक्ष ठरला. एवढी पद्धत लक्षात ठेवा, बाकीचे नियम आज बाजूला ठेवू.

आता अलाबामा. हे दक्षिणेतलं राज्य आज पक्कं लाल आहे. पण त्याचा जिल्हावार नकाशा पाहिलात तर मधोमध एक निळा पट्टा आडवा गेलेला दिसतो. त्याचं मूळ शोधायला काही कोटी वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा समुद्राचा किनारा या पट्ट्यावरून जात होता. उथळ पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची कवचं तळाशी साचून खडू झाला आणि त्या खडूवर काळी, कसदार माती तयार झाली. पुढे त्या मातीत कापसाचे मळे उभे राहिले. मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना गुलाम म्हणून जुंपलं गेलं. गुलामी गेली, पण त्यांची मुलंबाळं त्याच जमिनीवर राहिली, आणि त्यांची नातवंडं-पणतवंडं आज डेमोक्रॅटांना मत देतात. जांभ्यावर कलमं आणि खाजणात भात, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिलं त्यांना जमीन माणसाचं जगणं कसं ठरवते ते मी सांगायला नको.

पण जमिनीपाशी थांबलो तर अर्धीच गोष्ट कळते. त्याच पट्ट्यातला लाउंड्स हा जिल्हा घ्या. साठच्या दशकात तिथे दर पाच माणसांतली चार काळी. आणि १९६५ च्या सुरुवातीला तिथल्या मतदार यादीत एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं. एकाही! माणसं होती, घरं होती, मतं नव्हती. ७ मार्च १९६५ ला सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यानंतर त्याच वर्षी कायदा झाला आणि यादीत नावं चढू लागली. तो निळा पट्टा खडूने घडवला हे खरं, पण तो नकाशावर उमटायला माणसांना मार खावा लागला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नकाशा पाहून ‘तिथले लोक असेच’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आता या गोष्टीतला तुमच्या ओळखीचा भाग. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. शेतीत पोट भरेना, वर अपमान आणि जिवाची भीती. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रल रेल्वे थेट शिकागोला जायची. मिसिसिपीचा माणूस शिकागोत का सापडतो, याचं उत्तर त्या रुळांत आहे. आपल्याकडे बंदरात बोट लागायची आणि माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणगावात भावकीच्या खोलीवर पोचायचा, तशीच ही वाट. गावाकडे त्याला मत नव्हतं, शिकागोत होतं. १९२८ साली तिथून ऑस्कर डी प्रीस्ट हा काळा माणूस काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आला, उत्तरेतून निवडून आलेला पहिला. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट ट्रूमन ओहायोत अवघ्या ७,१०७ मतांनी आणि इलिनॉयमध्ये ३३,६१२ मतांनी जिंकले. शहरांतली काळी मतं नसती तर ही दोन्ही राज्यं त्यांच्या हातून गेली असती. आणि नंतर उलटी वाट सुरू झाली. गेलेल्यांची नातवंडं नोकरीसाठी दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाला परतली. २०२० साली जॉर्जिया ११,७७९ मतांनी निळं झालं, त्यात या परतलेल्यांचा वाटा मला मोठा वाटतो. २०२४ ला ते पुन्हा लाल झालं, हेही सांगितलं पाहिजे.

आपल्याकडे परतणारा कोण? पेन्शन घेतलेला. तरुण परतत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली निघाली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. एखाद्या वाडीच्या मतदान केंद्रावर सकाळी उभे राहा, रांगेत काठी टेकत आलेल्या आज्या आणि सुना दिसतील. ‘झील मुंबैक असता,’ हे वाक्य त्या रांगेत ऐकू येतंच. कोकणाचा कौल म्हणून आपण जो मोजतो तो बराचसा या बायकांचा कौल आहे, आणि विश्लेषणात त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि तरी गेलेला माणूस या मतदानात असतोच. एके काळी अलिबाग-पेण भागात शेतकरी कामगार पक्षाचं बळ होतं. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या, त्या लढ्यातून ते आलं. इकडे राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून मधु दंडवते या समाजवादी नेत्यांना सलग निवडून दिलं. तब्बल चौतीस वर्षं! १९९१ ला दंडवते हरले, काँग्रेस आली, १९९६ पासून शिवसेना. ‘कोकणी माणूस फिरला,’ असं तेव्हा सगळे म्हणाले. मी तसं म्हणत नाही. १९८२ च्या संपात गिरणीचा भोंगा थांबला. त्याच्याबरोबर गावाकडे येणारी मनिऑर्डर आटली आणि कामगार संघटनाही खिळखिळी झाली. चाकरमान्याला मुंबईत अडीनडीला धावून येणारी जागा आता शिवसेनेची शाखा होती. चतुर्थीला तो गावी आला तो ती ओळख घेऊन आला, आणि गणपतीच्या माटवीखाली पाच-सात दिवस बोलणं झालं ते त्याच ओळखीतून.

वेस्ट व्हर्जिनियात हेच घडलं. कोळशाच्या खाणींचं राज्य, खाण कामगारांची जबरदस्त युनियन, डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. १९९६ पर्यंत क्लिंटन तिथे जिंकत होते. यंत्रं आली, खाणी बंद पडल्या, युनियनची सभा भरायची ती जागा सुनी झाली. २००० पासून ते राज्य एकदाही निळं झालेलं नाही. डोंगर तेच, आडनावंही तीच. माणसांना बांधून ठेवणारी संघटना तुटली की मत दुसरा आधार शोधतं, मग तो डावीकडे असो की उजवीकडे.

वेस्ट व्हर्जिनियाने आणखीही काही गमावलं. माणसं बाहेर गेली म्हणून २०२० च्या जनगणनेनंतर त्यांचा एक खासदार कमी झाला आणि त्याबरोबर अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधीही चारवर आले. आपलंही २००८ च्या पुनर्रचनेत तेच झालं. राजापूर हा लोकसभा मतदारसंघच पुसला गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक मतदारसंघ झाला. सिंधुदुर्गात चार आमदार होते ते तीन झाले, रत्नागिरीत सातांचे पाच. २०२४ च्या लोकसभेला रत्नागिरी जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघ एका उमेदवाराला पुढे ठेवतात आणि सिंधुदुर्गातले तीन दुसऱ्याला, यावर आपण चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोललो. दोन जिल्ह्यांना एकाच दावणीला का बांधलं, यावर मात्र कोणी बोललं नाही.

आपला १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असावं, जिथे तो सामान्यतः राहतो तिथे. कलम २० तर म्हणतं की केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. कोकणात याचा अर्थ काय होतो पाहा. मतदार यादी उघडा. घर क्रमांक, आडनाव एकच, एका छपराखाली आठ नावं. दाराला कुलूप, खळ्यात पाचोळा, तुळशीला पाणी शेजारीण घालते. आठांतले सहा डोंबिवली-विरारला. नाव तिकडे हलवावं तर गावाशी नाळ तुटल्यासारखं वाटतं, आणि ठेवावं तर मतदानाला यायला गाडीभाडं कोण देणार? मग जो गाडी पाठवतो त्याच्या गाडीत बसणं आलं. त्या माणसाला दोष देणं मला जमत नाही. तो राहतो तिथल्या पाण्याच्या नळावर त्याचा हक्क नाही, आणि गावातल्या रस्त्यावर वर्षातले दहा दिवस आहे.

आता २०२७ च्या जनगणनेचं काम येतं आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. १९७१ च्या आकड्यांवर गोठवलेल्या राज्यांच्या लोकसभा जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवरून पुन्हा ठरवायच्या, असं राज्यघटनेत आहे. राज्याच्या आतल्या सीमाही नव्याने आखल्या जातील. तेव्हा सिंधुदुर्गाचे तीन आमदार तीनच राहतील का, हे घरोघर फिरणाऱ्या त्या प्रगणकाच्या नोंदींवर अवलंबून असेल. शिक्षक असतील, अंगणवाडीच्या ताई असतील. त्या बंद दारासमोर उभ्या राहून शेजारणीला विचारतील की या घरात कोण राहतं. शेजारीण काय सांगेल ते आपल्या वाड्यांतून आत्तापासून बोलायला हवं, आणि ते बोलणं मुंबईतल्या मंडळांच्या बैठकांतही व्हायला हवं. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.